दिग्रसहून समुद्राला बांधलेल्या गाठी

आमच्या घरी किस्से घडायला काही विशेष लागत नाही. नवऱ्याचे दोन मित्र रविवारी चहाला आले, की कप विसळून होईपर्यंत एक तयार! फक्त तो घडत असताना मला किस्सा वाटत नाही, अपघात वाटतो. बाकीचे लगेच हसतात. मी साधारण आठवड्यानं हसते, तेही आधी सगळ्यांचे हातपाय जागेवर आहेत ना ते बघून.

आधी थोडा भूगोल. आम्ही दिग्रसला राहतो. यवतमाळ जिल्ह्यात कापूस आहे, तूर आहे, सोयाबीन आहे. समुद्र तेवढा नाही. तरीही माझा नवरा नितीन, जो कृषी केंद्र चालवतो आणि धरणावर गळ टाकून मिळालेल्या चिलापीवर वर्षानुवर्षं समाधानी होता, त्यानं एक दिवस मोबाइलवर कुणालातरी किनाऱ्यावर उभं राहून समुद्रात लांब गळ फेकताना पाहिलं. संपलं. राठोड सर आणि गुड्डूभाऊ हे दोघं मित्र सामील झाले आणि ठरलं: हिवाळ्यात कोकणात जायचं, आणि आमच्या सहा वर्षांच्या मनूला सोबत न्यायचं.

मनूच्या हातात रॉड देऊन तिला समुद्रातला मासा ओढायला लावायचा, हा नितीनचा हट्ट. मनूला पाण्याच्या आसपास फिरकू द्यायचं नाही, हा माझा. पुढचं सगळं या दोन हट्टांच्या मधल्या जागेत घडलं.

*

पहिला प्रश्न दोऱ्याचा. साधी तंगूस घ्यायची की ब्रेडेड लाइन?

तंगूस म्हणजे आपली पारदर्शक नायलॉनची. ती जाड असते, ताणते, आणि लांब जात नाही. ब्रेडेड म्हणजे बारीक तंतू विणून केलेली. दिसायला शिवणाच्या दोऱ्यासारखी, ताकदीला बैल बांधा. पण खडकाला घासली की गेली! म्हणून तिच्या टोकाला रॉडच्या दुप्पट लांबीचा जाड तंगुसाचा तुकडा जोडतात, त्याला लीडर म्हणतात. हे मला का माहीत? कारण आमच्याकडे जेवताना दुसरा विषयच उरला नव्हता.

ब्रेडेड लाइनचं पार्सल आलं त्या दिवशी गुड्डूभाऊ हजर होते. ते जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर आहेत. कापसाचं बोंड हातात घेतात, चिमटीत धरून दोन्हीकडे ओढतात आणि तार किती लांब ते सांगतात. आयुष्य त्यात गेलं. त्यांनी लाइनचंही तेच करायचं ठरवलं. दोन्ही हातांच्या बोटांना वेढे दिले, डोळे मिटले...

"गुड्डूभाऊ, थांबा! ते कापतं, मी वाचलंय!"

मी सगळं वाचलेलं असतं, आणि मी ओरडेपर्यंत ते घडलेलं असतं. त्यांनी जोरात हिसका दिला. फरशीवर रक्ताचे थेंब! मी हळदीचा डबा शोधत होते, नितीन कापूस शोधत होता, आणि ज्या घरात जिनिंगचा माणूस बसलाय तिथे कापूस सापडत नव्हता.

गुड्डूभाऊंनी आधी बोट पाहिलं, मग लाइन पाहिली. चेहऱ्यावर समाधान.

"वहिनी, माल एक नंबर हाय! तुटला नाही!"

मनू कोपऱ्यातून सगळं बघत होती. ती म्हणाली, "पण काका तुटले ना!"

*

त्याच लाइनचं रीळ नितीननं शिलाई मशीनवर ठेवलं. सासूबाईंना तो हिरवा दोरा फार आवडला. दुपारभर त्या गोधडीला टाके घालत बसल्या. "असा दोरा आजकाल भेटत नाही वं," हे मला दोनदा म्हणाल्या. मी मनूचा अभ्यास घेत होते. सगळे सुखरूप एका खोलीत आहेत, याचाच मला आनंद. दोऱ्याकडे कोण बघतं!

शेवटचा टाका झाला आणि सवयीनं त्यांनी दोरा दातानं तोडायला घेतला.

दोरा तुटला नाही. वरची कवळी बाहेर आली!

मी किंचाळले. खरंच किंचाळले. सासूच्या तोंडातून काहीतरी बाहेर पडून हिरव्या दोऱ्यावर लोंबकळतंय, हे बघायची कुणाची तयारी असते? तेवढ्यात नितीन दारातून आत आला. त्याला आईचं तोंड दिसलं नाही, माझा चेहरा दिसला नाही, रीळ दिसलं.

"आई! माझी नवी लाइन!"

सासूबाई बोळक्या तोंडानं म्हणाल्या, "तुयी लाइन गेली चुलीत! माये दात सोडव आंधी!"

*

लाइन ठरली. मग तिला लीडर जोडायची गाठ. इथे पक्ष पडले.

राठोड सर जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतात. त्यांचं म्हणणं, डबल युनी. सोपी आहे, वाऱ्यातही पटकन बांधता येते. नितीनचं म्हणणं, एफजी. बारीक होते, रॉडच्या कड्यांतून न अडकता सुटते. पण बांधायला वेळ आणि संयम लागतो. "तुझ्याकडे दोन्ही कुठे आहेत?" असं मी विचारलं, पण मला या समितीत मत नाही.

निकाल लावायला लांब फेक हवी, आणि लांब फेकायला मोकळी जागा. मी मैदानाला नाही म्हटलं, कारण मुलं खेळतात. रस्त्याला नाही म्हटलं, कारण माणसं चालतात. शेवटी गुड्डूभाऊंनी जिनिंगचं आवार सुचवलं. सुट्टीचा दिवस, चहूकडे भिंत, आत चिटपाखरू नाही. फक्त एका बाजूला कापसाची गंजी, दुमजली घराएवढी.

सरांनी डबल युनी बांधली, टोकाला शिशाचं वजन अडकवलं. वाळूत रुतावं म्हणून त्याला लोखंडी तारांचे पाय होते. सरांनी झोकात फेकलं. गाठ कड्यात अडकली, "फाट" असा आवाज झाला, लाइन तुटली आणि वजन एकटंच गेलं. सरळ गंजीत!

गुड्डूभाऊ मटकन खाली बसले. कापसात लोखंड म्हणजे काय, ते जिनिंगवाल्याला विचारा. ते मशीनमध्ये गेलं, ठिणगी पडली, तर अख्खी गंजी पेटते. मी जाळीच्या फाटकाबाहेर मनूला घेऊन उभी होते. डोळ्यांसमोर अग्निशमनचा बंब, बातमी आणि नितीनचा फोटो, सगळं एकदम आलं.

तिघं गंजीत शिरले. कमरेपर्यंत कापूस. तासन्‌तास उपसतायत. आणि नेमके जिनिंगचे शेठ आले!

"गुड्डू, सुट्टीच्या दिवशी काय करून राह्यला रे?"

राठोड सरांनी डोक्यावरचा कापूस झटकला आणि म्हणाले, "शेठ, आतल्या मालाची क्वालिटी पाहून राह्यलो."

शेठ भारावले. वजन सापडलं, ते शेठच्या पायाजवळ. गुड्डूभाऊंनी त्यावर पाय ठेवला आणि शेठ जाईपर्यंत हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी शेठनं सगळ्या कामगारांपुढे सांगितलं, "ग्रेडर असावा तर असा!"

डबल युनी बाद झाली.

*

एफजी बांधायला लाइन ताणलेली लागते. एक टोक कशाला तरी बांधायचं, दुसरं दातात धरायचं, आणि मधल्या ताणावर लीडरचे वेढे द्यायचे. मध्येच सोडलं की सगळं उलगडतं. नितीन दुकानात गिऱ्हाईक नसलं की सराव करायचा. घरी मी करू देत नव्हते, मनू नक्कल करते म्हणून.

एक दिवस दारात एक शेतकरी काका धापा टाकत आले. "ताई, चाला लवकर! भाऊले झटका आला! दात बसले, तोंडच उघडून नाही राह्यलं!"

मी कशी पोचले ते आठवत नाही. एका पायात माझी चप्पल होती, एका पायात सासूबाईंची. दुकानापुढे गर्दी. आत नितीन खुर्चीत ताठ. दात घट्ट मिटलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या, डोळे समोर एकटक. कुणी पाय चोळतंय, कुणी नाकाला कांदा लावलाय. काकांनी फवारणीचं औषध मागितलं होतं, तर म्हणे हा नुसती मान हलवत होता.

मी रडायलाच लागले. तर नितीननं मला डोळ्यांनीच खूण केली. थांब, एवढीच खूण! आणि तेव्हा मला दातांतून निघून काउंटरच्या खिळ्याला बांधलेली ती हिरवी लाइन दिसली.

नाकाला कांदा, डोळ्यांतून पाणी, भोवती अर्धा बाजार. त्या माणसानं शेवटचे वेढे दिले, गाठ आवळली, दात सोडले आणि सगळ्यांत आधी मला म्हणाला, "बघ, किती बारीक झाली!"

*

मग रिळाच्या ब्रेकचा प्रश्न आला. मासा पळाला तर लाइन किती ताणावर सुटू द्यायची, हे आधी लावून ठेवावं लागतं. त्यासाठी पळणारं काहीतरी हवं. राठोड सर बंजारा तांड्यावर वाढलेले, त्यांची आई अजून तिथेच राहते. त्यांना सगळे याडी म्हणतात, म्हणजे आईच. याडींकडे एक मस्तीखोर गोऱ्हा होता.

तूर निघालेलं मोकळं वावर. गोऱ्ह्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला लीडर बांधला. मी आधीच सांगून ठेवलं, लाइन मांज्यासारखी कापते, वाटेवर कुणी येता कामा नये. म्हणून सर वाटेवर हात पसरून उभे. मनू याडींजवळ बाजेवर, हातात लाडू. सगळं माझ्या मनासारखं. अशा वेळी मला जास्त भीती वाटते.

याडींनी गोऱ्ह्याला हाकललं. तो सुटला! रीळ किंचाळायला लागलं. गुड्डूभाऊ नाचत होते, "नितीनभाऊ, ढील द्या! ढील द्या! मोठा हाय!" नितीन मागे झुकून रॉड वर धरतोय, गोऱ्हा बांधाकडे. गाठ टिकली. लीडर टिकला. लाइन टिकली. नितीनची पकड सुटली! रॉड हातातून निसटला आणि गोऱ्हा रॉडसकट गावाकडे.

आणि त्याच्या मागे टाळ्या पिटत कोण? मनू! बाजेवर नुसता लाडू होता.

मी जन्मात तशी धावले नाही. सरपटत जाणाऱ्या लाइनपासून ती हातभर असताना मी तिला उचललं आणि तिथेच ढेकळात बसले. मनूच म्हणाली, "आई, तू पडलीस का?"

त्याच जागी मी जाहीर केलं: मनू कोकणात येणार नाही.

रॉड एसटी स्टँडजवळ सापडला. गोऱ्हा उभा होता, मागे बाकड्याला अडकून ताठ उभी राहिलेली ती लांब काडी. भोवतीच्या माणसांपैकी एकानं सरांना गंभीरपणे विचारलं, "सर, रेंज नाही भेटून राह्यली का याले?"

*

माझं जाहीर केलेलं टिकलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. नितीन रुसला. मनू रोज विचारायची, "समुद्र मला चावतो का?" शेवटी सासूबाई बोलल्या. "मले बी पाह्यचा हाय समुद्र. मेल्यावर दाखवता का?" त्या जाणार म्हणजे घरात मनूला आणि मला दोघींनाच राहावं लागणार, आणि तिकडे नितीनवर लक्ष ठेवायला कुणी नाही! मी हो म्हटलं.

हो म्हटल्यावर तयारी. मी मोबाइलवर भरती-ओहोटीचं अ‍ॅप घेतलं. आमचं घर समुद्रापासून कित्येक जिल्हे आत. पण पोळ्या लाटताना मला ठाऊक असायचं, की कोकणात आता पाणी चढतंय. चढायला लागलं की माझा जीव आपोआप वर यायचा, आणि आवाजही.

मनूच्या बाईंनी एकदा शाळेच्या गेटवर मला थांबवलं. "ताई, घरी सगळं ठीक आहे ना?"

"हो. का?"

"मनूनं काल गृहपाठ आणला नाही. विचारलं, आई रागावणार नाही का? तर म्हणाली, नाही रागावणार. आता ओहोटी आहे."

*

आणि मग तो समुद्र.

मी खडकांना साफ नकार दिला होता, म्हणून लांब सपाट वाळूचा किनारा निवडला. सकाळची वेळ. ओहोटी, अ‍ॅपवर तपासलेली. तिघं घोट्याएवढ्या पाण्यात ओळीनं उभे. सासूबाई चादरीवर बसून नुसत्या समोर बघत होत्या.

मनूसाठी मी माझी सोय केली होती. नितीनला न सांगता मी स्वतः गाठी शिकले होते. जाड लीडरचा चांगला लांब तुकडा, जुन्या ओढणीत गुंडाळलेला. एक टोक माझ्या मनगटाला, दुसरं मनूच्या कमरेला. आवळत जाणारी गाठ नको, पोट दाबेल. म्हणून न आवळणारा, सैलसा फासा.

"आई, मी काय मासा आहे?" मनूनं विचारलं.

"थोडा वेळ."

राठोड सरांनी येऊन गाठ ओढून पाहिली. "वहिनी, परफेक्ट! फुल मार्क." नितीननं मनूकडे पाहिलं, रॉडकडे पाहिलं आणि परत पाण्याकडे गेला. त्याचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. पण फासा मी काढला नाही.

समुद्राकडे बघितलं की मी प्रत्येक लाट मोजत बसायचे. म्हणून मी चक्क त्याच्याकडे पाठ करून बसले. डोळ्यांनी कशाला बघायचं? ओढ होती ना हाताला! मनू माझ्या मागे वाळूत खेळत होती, सासूबाई शेजारी होत्या. ओढणी थोडी ताणायची, सैल व्हायची. पुन्हा ताणायची. खूप दिवसांनी मला शांत वाटलं. मी डोळेसुद्धा मिटले. हिसके जरा मोठे यायला लागले तेव्हा मनात म्हटलं, रमली पोर.

तेवढ्यात आरडाओरडा! "लागला! लागला!" रीळ किंचाळतंय, गुड्डूभाऊ ओरडतायत, "ढील द्या, नितीनभाऊ! गाठ टिकते, घाबरू नका!" मी वळले नाही. नुसतं मागे म्हटलं, "मनू, तू इथेच थांब हं." हाताला हिसका आला. थांबली.

आणि मग त्या ओरड्यात मला मनूचा आवाज ऐकू आला. लांबून. फार लांबून.

"बाबा, सोडू नका, मी ओढते!"

माझ्या हाताला हिसका येतच होता.

मी वळले. मनू तिच्या बापाच्या दोन्ही पायांच्या मध्ये उभी होती, रॉडला लोंबकळून. तिच्या हातांवर नितीनचे हात. घोट्यापर्यंत पाणी. रॉडचा पार धनुष्य झालेला, आणि पोर अशी हसत होती, की मी हाक मारायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

शेजारची चादर रिकामी होती.

मी मनगटाकडे पाहिलं. ओढणी ताठ होती. वाळूवरून सरळ पाण्याकडे गेली होती. मी उठले आणि ती हातावर गोळा करत, पडत, धडपडत निघाले. टोकाला गुडघाभर पाण्यात, लुगडं वर खोचून सासूबाई उभ्या होत्या. ज्या फाशात मनूची कंबर असायला हवी, त्यात त्यांचं मनगट होतं. लाट आली की त्या लहान पोरीसारख्या उडी मारायच्या, आणि लाट गेली की न विसरता, मागे न बघता, माझ्याकडे एक हिसका द्यायच्या.

"आई!" मी ओरडले.

त्या वळल्या. कमरेपर्यंत ओल्या, चेहऱ्यावर पाणी, आणि मला बघून जरा वैतागलेल्याच.

"काहून उठली वं? ओढ बराबर लागून नव्हती राह्यली का तुले?"